राब भाजायचे दिवस
महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर पावसाआधी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. वाफ्यावर शेण, कवळ (तोडलेल्या फांद्या), पातेरा आणि वर बारीक मातीचा थर रचायचा, वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवायचा आणि आग डोंगराला लागू नये म्हणून ओला डहाळा घेऊन कडेला उभं राहायचं. डोक्यावर ऊन, पुढ्यात जाळ. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत असतो. हा जाळ त्याला दिसत नाही. जाणते सकाळीच पेटवतात, पण कवळाचे भारे वाहणं दिवसभर चालतं.

मार्चमध्ये पूर्वेचे कोरडे वारे घाट उतरतात, खारा वारा अडतो आणि पारा चाळिशीकडे जातो. मेमध्ये पारा थोडा खाली येतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. खरा जाच तेव्हाच सुरू होतो. घाम कातडीवर वाळला तर अंग निवतं. दमट हवेत तो नुसता निथळतो, अंगातलं पाणी आणि मीठ तेवढं जातं. त्यातच मुंबईचा चाकरमानी सुट्टीला येऊन पहिल्याच दिवशी कुदळ धरतो. उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात.

वीटभट्टीवर हिशेब हजार विटांमागे होतो. तिथे सावलीत टेकलं की मजुरी बुडते, त्यामुळे ‘दुपारी काम टाळा’ हा सल्ला मजुरापेक्षा मुकादमाला द्यायला हवा. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यायचं तर हंडाही हाताशी लागतो. न्याहारीची आंबील किंवा मीठ घातलेली पेज मात्र जुनी आणि चोख सोय.

याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, 16 एप्रिल 2023 रोजी भर उन्हातल्या सोहळ्यानंतर सरकारी नोंदीप्रमाणे 14 जण उष्माघाताने गेले. ती माणसं नुसती बसली होती.

आधी पोटरीत गोळे येतात, मळमळतं, डोकं ठणकतं. माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला की तो उष्माघात समजावा. घाम येतोय म्हणून धोका नाही, ही समजूत चुकीची. शरीराचं तापमान तेव्हा चाळीस अंशांवर गेलेलं असू शकतं. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. कपडे सैल करून अंगभर पाणी मारावं, वारा घालावा, आणि त्याच वेळी 108 ला फोन करावा. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवरून डोलीतून रस्त्याला येईपर्यंत बराच वेळ जातो, त्यामुळे गार करणं वाटेतही थांबवायचं नसतं.