पऱ्हाटीचा कोळसा

आमचं वावर वर्धा जिल्ह्यात. पणजोबा गावचे मालगुजार होते. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, नंतर सिलिंगमध्ये बरीच जमीनही गेली. उरला तो पडका वाडा, एक विहीर, नाल्याकाठची काळी आणि टेकडीच्या अंगाची बरड जमीन. बायोचार, म्हणजे मातीत घालायचा कोळसा, मी मुख्यतः या बरडासाठीच करते.

कापसाचा शेवटचा वेचा झाला की पऱ्हाटी उपटायची, धुऱ्यावर ढीग लावायचे आणि पेटवून द्यायचे, ही इकडची रीत. उभी ठेवून चालत नाही. राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. पण पेटवली की कर्ब हवेत जातो आणि धुऱ्यावर नुसती राख उरते.

म्हणून आम्ही खड्डा खणला. वर रुंद, तळाशी निमुळता, कमरेइतका खोल. तळात वाळक्या काड्या उभ्या-आडव्या रचून वरून पेटवायच्या. त्या धगधगल्या की पातळ थर टाकायचा, आणि वरच्या काड्यांवर राखेची पांढुरकी झाक दिसली की लगेच पुढचा. वरची ज्वाळा हवा खाऊन टाकते, त्यामुळे खालच्या निखाऱ्याला हवा मिळत नाही आणि तो जळून राख होण्याऐवजी कोळसाच राहतो. लाकडातून निघणारा वायूही ज्वाळेतच पेटतो, म्हणून नीट चाललेल्या खड्ड्याला धूर जवळजवळ नसतो. पांढरा धूर निघाला की समजावं, काड्या ओल्या आहेत किंवा टाकणाऱ्याला घाई झाली आहे. खड्डा भरला की पाण्यानं विझवायचं. मार्चात पाणी जपून वापरावं लागतं, म्हणून कधी ओली माती ओढून तोंड बंद करतो. दुसऱ्या दिवशी कोळसा चुरून पाहायचा. हाताचा काळा रंग साध्या पाण्यानं निघाला तर माल चांगला. तेलकट राहिला तर कच्चा. शंभर किलो पऱ्हाटीतून वीस-पंचवीस किलो निघतो.

पहिल्या खड्ड्यापाशी गावातल्या बाया उभ्या होत्या. पऱ्हाटी उपटणाऱ्या त्याच. एक जण म्हणाली, "ताई, सारी पऱ्हाटी गड्ड्यात घातली तं आमी चूल कायनं पेटवाची?"

घरोघरी सिलिंडर आहे, पण तो भरायला पैसे लागतात. आंघोळीचं पाणी आणि भाकर अजून चुलीवरच. आमच्या वाड्याच्या भरभराटीतही पऱ्हाटीचा भारा उपटणारीचा असे. कुठल्या कागदावर ते नव्हतं, पण मालगुजारानंही ते मोडलं नव्हतं. बायोचारच्या शिबिरांत पऱ्हाटीला सर्रास 'टाकाऊ अवशेष' म्हणतात. असं म्हणणाऱ्यानं एकदा सरपणाचा भारा डोक्यावर घेऊन पाहावा. शेवटी ठरलं, आधी बायांनी जाड खोडं न्यायची, मग बारीक फाटे खड्ड्यात. खड्ड्यालाही ते सोयीचंच. जाड खोड आतून कच्चं राहतं.

कोरडा कोळसा तसाच मातीत घालू नये, तो पिकाच्या वाट्याचं नत्र स्वतःच धरून बसतो. आम्ही तो शेणकाल्यात आणि गोमूत्रात दोन-अडीच आठवडे मुरवतो, मग शेणखतात मिसळून तुरीच्या ओळीत देतो. बरडात पावसानं उघडीप दिली तेव्हा ती तूर शेजारच्या ओळींपेक्षा उशिरा सुकू लागली. काळ्या वावरात मात्र मला काही फरक दिसला नाही, आणि त्याचं नवलही वाटलं नाही. आमच्या काळ्या मातीचा सामू आठच्या आसपास, बायोचारही अल्कधर्मी. अॅमेझॉनच्या खोऱ्यात कोळशानं कसदार झालेल्या जुन्या काळ्या मातीचा दाखला सगळे देतात, पण तिथली मूळ जमीन आम्लधर्मी आणि पावसानं धुऊन निघालेली, हे सांगायला विसरतात.

आता काळ्या वावरात मी बायोचार टाकत नाही. बायांचे भारे गेल्यावर जेवढे फाटे उरतात, तेवढ्यात बरडाचा एखादाच तुकडा होतो. पुढच्या साली टेकडीच्या वरच्या अंगाला टाकायचं आहे. तिथपर्यंत बैलगाडी जात नाही, म्हणजे टोपल्या डोक्यावरून न्याव्या लागणार, आणि त्याची मजुरी आधी ठरवून घ्या असं बायांनी आत्ताच बजावलं आहे.