साफ एक्स-रे

उधन्याच्या आमच्या गल्लीत मागून कुणी हाक मारली, की मी अख्खा वळतो, दाराच्या फळीसारखा. मान एकटी फिरत नाही. अँकिलोसिंग स्पाँडिलायटिस: शरीराची प्रतिकारशक्ती कंबरेच्या तळच्या सांध्यांवर उलटते आणि पुढे मणके बांबूच्या पेरांसारखे जुळत जातात. माझं निदान दीड वर्षात झालं. एक्स-रेच बोलला.

ताईला नऊ वर्षं लागली.

ती लिंबायतला राहते, जमिनीवर बसून साड्यांना टिकल्या-स्टोन चिकटवते. पहाटे चारला कंबर लाकूड व्हायची, दुपारपर्यंत सैल. "काम केलं की बरं वाटतं, झोपलं की दुखतं," असं ती प्रत्येक डॉक्टरला सांगायची. अख्खा आजार त्या एका वाक्यात होता. मिळालं काय? कॅल्शियमच्या गोळ्या, 'बाळंतपणानंतर असं होतंच' आणि आराम. म्हणजे नेमकं नको तेच! मेहुणे ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून म्हणायचे, साफ तर आहे. खोटं कशाला बोलू, मीही तेच म्हणायचो. पहाटेचे चार मला ठाऊक असून.

गेल्या शतकाच्या मध्यात पुस्तकं सांगत, दहा पुरुषांमागे एक बाई. आता एक्स-रेवर दिसणाऱ्या आजारात एका बाईमागे दोन-तीन पुरुष धरतात, आणि एक्स-रेवर न दिसणाऱ्या प्रकारात जवळपास निम्मे-निम्मे. बायकांचे मणके सहसा सावकाश जुळतात; दुखणं मात्र कमी नसतं. मोजली होती ती हाडं.

एरवी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे हे आजार बायकांच्याच वाट्याला जास्त. त्यातल्याच ल्युपसच्या दहा रुग्णांतल्या नऊ बायका. बाईच्या पेशीत दुसरं एक्स गुणसूत्र गप्प ठेवणारा 'झिस्ट' नावाचा रेणू असतो. त्याला चिकटलेली प्रथिनंच प्रतिकारशक्तीला चिथावत असावीत, असं 2024 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. तिथं मग ल्युपस झालेल्या पुरुषाकडे दुर्लक्ष होतं. बायकांचा आजार ना तो!

ताईचं शेवटी एमआरआयमध्ये सापडलं.

यंदा भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी नमस्काराला वाकू लागलो, तर तिनं दंड धरला. "राहू दे रे." मग खालचं ताट उचलायला गेली आणि अर्ध्यावरच थांबली, एक हात कंबरेवर.

"दुखस का?" आईच्या अहिराणीत विचारलं मी.

"दुखस," ती म्हणाली, आणि ताट तसंच ठेवून माझ्या शेजारी खुर्चीत बसली.