न विचारलेले नाव

जपानमधील ओसाका हे महानगर पाहून आलेले चार बालमित्र पौषात आपल्या गावी, पेणला जमले. तेथील किल्ल्याच्या व बाजारातील खाद्यपदार्थांच्या गोष्टी संपत नव्हत्या. बोलत बोलत ते एका मूर्तिशाळेत शिरले. एक वृद्ध कारागीर गणपतीचे डोळे रेखीत होता. लहानपणापासून याच दारावरून गेलेले चौघे आज प्रथमच आत उभे होते.

सायंकाळी रोह्यास कुंडलिकेच्या काठी त्यांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ व ओवा घालून भोवती जाळ केला. पाण्याचा थेंबही न घालता शेंगा मऊ शिजल्या.

शेंग सोलता सोलता एकजण म्हणाला, “ओसाकात प्रत्येक पदार्थ कसा करतात, हे आपण आवर्जून विचारले. आज त्या कारागिराचे नावही विचारले नाही!”

दुसऱ्या दिवशी सकाळीच चौघे पुन्हा पेणच्या वाटेला लागले.