घणसोलीची बोली

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हां आमच्या सोसायटींत पेढे वांटले गेले. परंतु ज्या घणसोली गांवाच्या शेजारीं ही सोसायटी उभी आहे, त्या गांवची मराठी येथें अजून 'अशुद्ध'च ठरते. गांवांतील आगरी माणूस 'घोडा'चा 'घोरा' करतो, 'मला'ऐवजीं 'मना' म्हणतो. तें ऐकून सोसायटींतील मुलें हंसतात आणि आगऱ्यांचीं मुलें शाळेंत जाऊं लागलीं कीं घरची बोली गिळून टाकतात.

ही शुद्धता आली कोठून? मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ सालीं व दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालीं निघालें, आणि पुण्याकडील शिष्टांची भाषा प्रमाण ठरली. ग्रंथांना प्रमाण लागतें, हें आम्हांस मान्य आहे; तेवढ्यानें इतर बोली भ्रष्ट होत नाहींत. आगऱ्यांच्या लग्नांत धवलारीण ह्याच बोलींत धवले गाऊन सबंध विधि पार पाडीत आली. आमच्या घरांतील कोणत्या स्त्रीला असा अधिकार होता?

दक्षिण आफ्रिकेंतील आफ्रिकान्सची कथा येथें आठवते. डच सुशिक्षितांनीं तिला स्वयंपाकघरांतील भाषा म्हणून हिणविलें. केपमधील मुसलमानांनीं ती एकोणिसाव्या शतकांत अरबी लिपींत लिहिली. पुढें गोऱ्या राज्यकर्त्यांनीं ती आपलीच म्हणून मिरविली, शाळांतून कृष्णवर्णीय मुलांवर लादली, आणि १९७६ सालीं सोवेटो येथें त्याविरुद्ध निघालेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. आज तिच्या भाषकांपैकीं निम्म्याहून अधिक लोक गोरे नाहींत. अशा भाषेचा कैवार घेणाऱ्यास ती जखम वगळून पुढें जातां येत नाहीं.

जखमा इकडेहि आहेत. अलिबाग तालुक्यांत चरीच्या कुळांनीं १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी कसण्याचें नाकारलें. तीं कुळें बहुतांशीं आगरी होतीं, आणि कोकणच्या खोतांत आमच्या ज्ञातीचे लोक थोडे नव्हते. पुढें नवी मुंबईसाठीं सिडकोनें भूसंपादन केलें; जमिनीच्या मोबदल्यासाठीं लढणाऱ्या शेतकऱ्यांवर १९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांत गोळीबार होऊन पांच जण मेले. त्याच नवी मुंबईंत आम्ही सुखानें राहतों.

गणेशोत्सवांतील वक्तृत्वस्पर्धेच्या नियमांत 'भाषा प्रमाण असावी' अशी अट आहे. ती काढून गांवांतील मुलांनाहि बोलावावें, असें आम्हीं सुचविलें आहे. कांहीं वडीलधाऱ्यांना तें रुचलेलें नाहीं. सभा येत्या रविवारीं आहे.