बसते म्हणजे चालते असे नव्हे

माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या व्यवसायातील अनुभव या स्मरणिकेसाठी लिहून द्यावेत, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा आम्हां दोघांना प्रथम संकोच वाटला. आम्ही दोघे एकाच तुकडीचे, वसतिगृहातील एकाच खोलीचे. दहावीनंतर आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम आम्ही बरोबरच पूर्ण केला आणि आज नागपूरबाहेर महामार्गालगत डिझेल इंजिनांच्या दुरुस्तीचे वर्कशॉप भागीदारीत चालवितो. या अंकात आमचे बंधू-भगिनी वैद्यक, अध्यापन, प्रशासन अशा क्षेत्रांविषयी लिहितील. आमचे क्षेत्र काजळीचे आणि तेलाचे. तरीही ज्या एका वस्तूची पारख करताना आमच्या शिक्षणाचा रोज कस लागतो, तिच्याविषयी लिहावे असे आम्ही ठरविले. ती वस्तू म्हणजे ईजीआर कूलर.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी डिझेलची गाडी असेल. परंतु हा भाग फारच थोड्यांनी पाहिला असेल. सिलिंडरमध्ये डिझेल जळताना तापमान फार वाढले, की हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन फुफ्फुसांना घातक असे नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. ते कमी व्हावेत म्हणून धुराड्याकडे निघालेल्या वायूचा काही अंश परत इंजिनात सोडतात. या वायूत ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे ज्वलनाचे कमाल तापमान उतरते. मात्र हा वायू स्वतःच कित्येकदा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला असतो. त्याला आत घेण्यापूर्वी थंड करण्याचे काम ईजीआर कूलर करतो. स्टेनलेस स्टीलच्या बारीक नळ्यांमधून तप्त वायू जातो आणि त्या नळ्यांभोवती इंजिनाचे कूलंट फिरते. एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला पाणी आणि मधोमध पातळसा पत्रा, अशी ही रचना आहे.

हा पत्रा किंवा त्याचा जोड फुटला, तर कूलंट वायूच्या मार्गात उतरते. गाडीखाली थेंबही दिसत नाही, पण टाकीतील पातळी रोज घटते. धुराड्यातून पांढरी वाफ येऊ लागते, इंजिन तापू लागते. दुर्लक्ष झाले तर हेड वाकते. कूलंट थेट सिलिंडरमध्ये साचले तर कनेक्टिंग रॉडही वाकतो. मग हातभर लांबीच्या एका भागापायी संपूर्ण इंजिन उघडावे लागते. ज्याच्या डोक्यावर ट्रकचा हप्ता आहे, त्याच्या दृष्टीने ही केवळ यांत्रिक बाब राहत नाही.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि अशा कूलरची मागणी आणखी वाढली. इंजिन बनविणाऱ्या कंपनीच्या वितरकाकडे मिळणारा भाग महाग असतो. कधी तो वेळेवर मिळत नाही. म्हणून बाजारात इतर उत्पादकांचे कूलर येतात. त्यांत उत्तम असतात, तसेच टाकाऊही असतात. बाहेरून दोन्ही सारखेच चकाकतात. भोकांतील अंतर जुळते, नळ्यांची तोंडे जुळतात आणि गिऱ्हाईक विचारते, “बसते ना भाऊ? मग लावून टाका!” बसते म्हणजे चालते, हा समजच आमच्या व्यवसायातील सर्वांत महाग समज आहे.

उत्पादक भागासोबत तांत्रिक तपशिलाचा कागद देतो. तो वाचण्याची आमची पद्धत अशी, की प्रत्येक आकड्याला विचारावयाचे : तू कोणत्या परिस्थितीत मोजला गेलास? समजा, कागदावर लिहिले आहे, ‘उष्णता वहनक्षमता ११ किलोवॉट’. हा आकडा एकटा असेल तर तो निरर्थक आहे. तासाला १०० किलो वायू, आत येताना ५०० अंश, बाहेर पडताना १५० अंश आणि कूलंट ९० अंशांवर, एवढे सांगितले तर हिशेब करता येतो. अशा वायूची विशिष्ट उष्णता प्रतिकिलो प्रतिअंश सुमारे १.१ किलोज्यूल धरली, की उत्तर जवळपास ११ किलोवॉट येते; म्हणजे दावा सुसंगत आहे. वायू ३५० अंशांनी थंड झाला. फार तर तो कूलंटच्या तापमानापर्यंत, म्हणजे ४१० अंशांनी, थंड होऊ शकला असता. यावरून परिणामकारकता सुमारे ८५ टक्के ठरते. मात्र वायूचा प्रवाह निम्मा ठेवून मोजणी केली, तर तोच कूलर याहून अधिक टक्के दाखवील. म्हणून टक्केवारी मोठी दिसली की आम्ही आधी प्रवाहाचा आकडा शोधतो.

दुसरा प्रश्न काजळीचा. कोऱ्या कूलरची चाचणी आणि काजळी धरलेल्या कूलरची चाचणी यांत मोठे अंतर असते, कारण काजळी उष्णतेला अडविते. नळ्यांत दाट पट्ट्या बसविल्या तर नवा कूलर फार उत्तम थंड करतो. पण त्याच दाटीत काजळी लवकर अडकते आणि वायूचा मार्ग चोंदतो. म्हणून वायूच्या बाजूचा दाब किती घटतो, हा आकडाही तितकाच महत्त्वाचा असतो. तो मूळ भागापेक्षा फार जास्त असेल, तर पुरेसा वायू परत येणार नाही आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागेल.

तिसरा प्रश्न धातूचा. ‘स्टेनलेस स्टील’ हे एका धातूचे नव्हे, तर मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. ३०४ या प्रकारात ढोबळमानाने १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ एल या प्रकारात त्याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि कार्बन ०.०३ टक्क्यांहून अधिक नसतो. थंड झालेल्या वायूतून आम्लयुक्त ओलावा नळ्यांवर धरतो. तेथे मॉलिब्डेनमचा उपयोग होतो. आमच्याकडे काही जण लोहचुंबक लावून परीक्षा करतात. चुंबक चिकटला तर स्वस्त प्रकारचे स्टील असण्याची शंका घ्यावी, हे खरे. परंतु ३०४ आणि ३१६ यांतील भेद चुंबकाला कळत नाही. त्यासाठी प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्रांतही भेद आहेत. ईएन १०२०४ या मानकानुसार २.१ प्रकारचे प्रमाणपत्र म्हणजे ‘माल मागणीप्रमाणे आहे’ एवढे उत्पादकाचे विधान, ३.१ प्रकारच्या प्रमाणपत्रात त्याच मालाच्या चाचणीचे प्रत्यक्ष निष्कर्ष असतात आणि त्यावर उत्पादन विभागापासून स्वतंत्र असलेल्या तपासनिसाची सही असते. दोन्ही कागदांवर शिक्का सारखाच दिसतो, म्हणून वरचा क्रमांक वाचावा लागतो.

चौथा प्रश्न जोडांचा. नळ्या टोकाच्या पत्र्याला जोडलेल्या असतात आणि बहुतेक कूलर तेथेच, वायू शिरतो त्या तप्त टोकाला, तडकतात. इंजिन तापते, थंड होते, पुन्हा तापते. प्रत्येक वेळी धातू ताणला जातो. म्हणून किती दाबाला गळती तपासली, एवढे पुरत नाही. किती तापमानापासून किती तापमानापर्यंत, किती फेऱ्यांची चाचणी केली, हेही विचारावे लागते. आमच्या वर्कशॉपमध्ये फेऱ्यांची चाचणी शक्य नाही. परंतु कूलंटची तोंडे बंद करून, उत्पादकाने सांगितलेल्या दाबाची हवा भरून, कूलर गरम पाण्यात बुडवून बुडबुडे पाहणे शक्य आहे आणि तोंडांची सपाटी सरळपट्टी व फीलर गेज लावून तपासणेही शक्य आहे. नवा भागसुद्धा आम्ही यातून गेल्याखेरीज बसवीत नाही.

एका प्रसंगाचा उल्लेख येथे करावासा वाटतो. वणीकडून कोळसा वाहणारा एक ट्रक आमच्याकडे आला. मालक स्वतःच चालक. चार महिन्यांपूर्वी दुसरीकडे नवा कूलर बसविलेला; पुन्हा कूलंट घटू लागलेले. कूलर काढला तो तप्त टोकाला तडकलेला निघाला. परंतु नळ्यांच्या बाहेरून पांढरा खडबडीत थर होता. वाटेत जेथे मिळेल तेथे बोअरचे पाणी भरले गेले होते. रेडिएटर अर्धा चोंदलेला होता आणि एक होज आतून फुगून अरुंद झाला होता. कूलंट पुरेसे फिरत नव्हते; तप्त टोकाला ते उकळत होते. या गाडीत उत्तमातला उत्तम कूलरही टिकला नसता. भाग चांगला आहे काय, या प्रश्नासोबत ज्या इंजिनात तो बसावयाचा, ते इंजिन कसे आहे, हेही विचारावे लागते.

त्या संध्याकाळी शहरात एक कूलर उपलब्ध होता. त्याच्या कागदावर मापे आणि ‘स्टेनलेस स्टील’ हे दोन शब्द, याखेरीज काही नव्हते. दुसऱ्या एका उत्पादकाने आमच्या चारही प्रश्नांची उत्तरे दिली. पण त्याचा माल येण्यास चार दिवस लागणार होते. पाच तारखेला हप्ता होता. आम्ही दोन्ही कागद मालकासमोर ठेवले आणि हिशेब समजावून सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग घरी फोन करून म्हणाले, “थांबतो भाऊ. पण आता पुन्हा नको.” चार दिवसांत रेडिएटर साफ झाला, होज बदलले, योग्य कूलंट भरले. बुडालेले भाडे मात्र बुडालेच. त्याच महिन्यात दुसऱ्या एका मालकाने थांबण्यास नकार देऊन गाडी अन्यत्र नेली. असे गिऱ्हाईक जाते तेव्हा आमच्याही घरखर्चाला झळ लागते, हे मान्य केले पाहिजे.

मग कंपनीचाच भाग घ्यावा, असे कोणी म्हणेल. नावाचा विश्वास उपयोगी असतो, पण तो अखेरचा पुरावा नव्हे. २०१८ साली दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल मोटारींना आगी लागल्या आणि कंपनीला तेथे एक लाखाहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ईजीआर कूलरमधून झिरपलेले कूलंट काजळीत मिसळून साचत होते आणि तप्त वायूने ते पेट घेत होते. तेव्हा मूळ भागालाही तेच प्रश्न विचारावेत आणि इतर उत्पादकाने समाधानकारक उत्तरे दिली, तर केवळ नाव परिचित नाही म्हणून त्याला नाकारू नये.

आणखी एक सोपा मार्ग सुचविला जातो : मध्ये पत्रा मारून हा मार्गच बंद करावयाचा. खर्च नगण्य, गाडी धावते. परंतु मग ते घातक वायू रस्त्याकडेच्या वस्तीत मोकळे सुटतात. आमच्या वर्कशॉपच्या भिंतीपलीकडे अंगणवाडी आहे. हे काम आम्ही घेत नाही.

शाळेत असताना गणिताच्या तासाला नुसते उत्तर लिहिले तर गुण मिळत नसत. रीत दाखवावी लागे. तेव्हा तो जाच वाटे. आज विक्रेत्याकडे आम्ही हीच मागणी करतो : उत्तर दिलेत, आता रीत दाखवा. पालकांना आमची विनंती आहे, की मुलाने वा मुलीने यंत्रांचा मार्ग निवडला तर तो हुशारीचा मार्ग नव्हे असे समजू नये. आम्ही बसविलेल्या प्रत्येक कूलरची नोंद एका वहीत ठेवतो : तारीख, भागाचा क्रमांक, चाचणीचा दाब, गाडीचे किलोमीटर आणि पुढे काय झाले ते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी सुटीत यावे, ती वही चाळावी आणि गरम पाण्यातील बुडबुडे स्वतः मोजून पाहावेत. चहा आमच्याकडे.