धायटीपाशी

एखाद्याच्या दारावरून तीस वर्षे जावे-यावे, त्याचे नावही विचारू नये, आणि अखेर त्याच्यावरच कुऱ्हाड चालवावी, असा अपराध आमच्या हातून घडला आहे. तो एका झुडपाचा असल्यामुळे फिर्याद झाली नाही, इतकेच.

वर्ड्‌स्वर्थच्या डॅफोडिल फुलांवर आम्ही वर्गात तासचे तास बोललो. ती फुले मात्र जन्मात पाहिली नाहीत. उलट नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाताना अंजनेरीच्या उतारांवर माघ-फाल्गुनात जी झुडपे तांबड्या फुलांनी पेटल्यासारखी दिसतात, त्यांचे नाव आम्हांस पन्नाशी उलटली तरी ठाऊक नव्हते.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही विद्यार्थ्यांसह एका टेकडीवर वृक्षारोपणास गेलो. खड्ड्यांस जागा हवी, म्हणून मध्ये येणारी झुडपे निरुपयोगी समजून तोडविली आणि तेथे गिरिपुष्पाची रोपे लाविली. जवळच गुरे वळणारे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “मास्तर, धायटी कशापायी तोडली? वणवा लागला तरी ती पुन्हा फुटती. तुमची रोपं उन्हाळ्यात पाण्याबिगर ऱ्हायची न्हाईत.” आम्ही हसून सोडून दिले.

घरी येऊन ग्रंथ चाळले, तेव्हा मान खाली गेली. धायटी म्हणजेच वैद्यकातील धातकी. आमच्याच फडताळातील दशमूलारिष्टाच्या बाटलीवर तिचे नाव छापलेले होते! आसवे-अरिष्टे आंबविण्यासाठी वैद्य शतकानुशतके तिचीच फुले घालीत आले आहेत. फुलाचा तांबडा रंगही पाकळ्यांचा नव्हे. पाकळ्या अगदी बारीक, रंग सारा नळीसारख्या लांबट पुष्पकोशाचा. त्या नळीतील मधासाठी शिंजीर पक्षी येतात. खडकाळ, मुरमाड उतारावर, जेथे मोठा वृक्ष सहसा तग धरीत नाही, तेथे ही मुळे रोवून माती धरून ठेवते. आम्ही लाविलेले गिरिपुष्प मात्र मूळचे मध्य अमेरिकेकडील. ते भराभर वाढते, एवढ्याच गुणावर महाराष्ट्रातील अनेक टेकड्यांवर लाविले गेले.

पुढे दोन वर्षांनी फाल्गुनात त्याच टेकडीवर गेलो. आमची पुष्कळशी रोपे वाळून गेली होती. तोडलेल्या धायटीच्या खुंटांतून मात्र नवे फुटवे आले होते, त्यांवर तांबडे झुबके लागले होते, आणि एक शिंजीर त्यांत चोच घालून बसला होता. ते वृद्ध गृहस्थ पुन्हा भेटले असते, तर आम्ही त्यांची क्षमा मागितली असती. ते भेटले नाहीत.

आजही आम्ही विद्यार्थ्यांस टेकडीवर नेतो. मात्र खड्डा खणण्यापूर्वी तेथे आधीपासून कोण उभे आहे, हे त्यांना पाहावयास सांगतो, आणि त्याचे नाव वहीत लिहून घेतल्याखेरीज कुदळ हाती देत नाही.