कोल्हापुरात आलात, तर सगळे एका बाकावर बसा

कोल्हापूरला माणूस उगीच येत नाही. कोणाची कोर्टात तारीख असते, कोणी शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा बघायला येतो, कोणाचे माणूस सी.पी.आर. दवाखान्यात असते, तर कोणाला लग्नाचा बस्ता बांधायचा असतो. त्यातूनच वेळ काढून अंबाबाईचे दर्शन होते. पहाटेच्या एस.टी.ने निघालेले कुटुंब शहरात उतरते तेव्हा पोटात कावळे ओरडत असतात. मग समोर जे दिसेल ते घाईघाईने खायचे, पैसे मोजायचे आणि कामाला पळायचे. घरी गेल्यावर म्हणायचे, कोल्हापूरच्या खाण्याचे नुसतेच नाव!

वाचकहो, यापुढे तसे करू नका. या शहरातले खाणे तुमच्याच शेतातून आलेले आहे. मटकी तुमची, कांदा तुमचा, मिरची तुमची, दूधही तुमच्याच म्हशीचे. ते शहरात आल्यावर त्याचे काय होते, हे एकदा नीट बसून चाखायला हवे.

सकाळची वेळ म्हणजे मिसळीची वेळ. पोरे हल्ली पिझ्झाचा हट्ट धरतात, आणि त्याचीही दुकाने कोल्हापुरात झाली आहेत. पण कोल्हापूरकराला तुम्ही विचारा, "सकाळी कुठं खायचं?" तो मिसळीचेच नाव घेईल, आणि दोघांना विचारले तर दोन निराळी नावे सांगून आपसात वाद घालतील. उद्यमनगरात फडतरे यांची मिसळ आहे. हा कारखान्यांचा भाग. तुमच्या विहिरीवर एकेकाळी धडधडणारी ऑईल इंजिने करण्यात कोल्हापूरच्या कारखान्यांचे मोठे नाव होते. कामावर जाण्याआधी पोटभर आणि झटपट खायला मिळावे, अशी कामगारांच्या वस्तीची गरज असते. ती मिसळ भागवते. राजाराम साखर कारखान्याकडे ऊसबिलाच्या कामाला गेलात, तर तिथल्याच कसबा बावड्याची बावडा मिसळ प्रसिद्ध आहे. देवीच्या दर्शनाला आलात, तर महाद्वार रोडच्या बाजूला चोरगे यांची मिसळ आहे, आणि कुस्तीच्या मैदानाजवळ खासबाग मिसळ. कोणती सरस, ते तुमचे तुम्ही ठरवा. फक्त सकाळी लवकर जा. मिसळ हा पहिल्या प्रहराचा पदार्थ आहे. उन्हे चढल्यावर पातेल्याचा तळ दिसू लागतो.

आता तुम्ही म्हणाल, मटकीची उसळ आम्ही घरी रोज खातो, त्यात नवल ते काय? फरक आहे तो कटाचा. घरी उसळ आणि रस्सा एकाच भांड्यात शिजतो. इथे मोड आलेल्या मटकीची उसळ वेगळी आणि कट वेगळा. कांदा, सुके खोबरे, आले, लसूण आणि मसाला तेलात चांगला परतून हा कट करतात, म्हणून वर लाल तवंग येतो. ताटलीत उसळ, काही ठिकाणी बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा, मग कट, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. पुण्याकडे मिसळीत पोहे घालतात, तसे इथे पाहायला मिळत नाही. सोबत बहुतेक ठिकाणी पावाऐवजी ब्रेडचे काप येतात. ते कटात बुडवून खायचे. कट संपला की वाढप्याला हाक मारायची, तो पुन्हा वाढतो.

लाल रंग बघून घाबरू नका. रंग आणि तिखटपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मिरची पिकवणाऱ्याला सांगायला नको. ब्याडगी मिरची लालभडक रंग देते पण तिखटाला बेताची असते. लवंगी दिसायला एवढीशी पण जीभ पोळते. मसाला जमवणाऱ्याचे कसब या दोहोंचे प्रमाण राखण्यात आहे. तरीही डोळ्यांना पाणी आलेच, तर पाण्याचा तांब्या तोंडाला लावू नका. मिरचीचा जाळ पाण्याने विझत नाही, कारण तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. दही किंवा ताक मागा, लगेच उतार पडतो.

या मिसळीच्या दुकानांतली खरी बघण्यासारखी गोष्ट मात्र ताटलीत नाही, बाकावर आहे. गर्दीच्या वेळी तुम्हाला वेगळे टेबल मिळायचे नाही. जिथे जागा होईल तिथे सरकून बसायचे. एका बाजूला कारखान्यातला फिटर, दुसऱ्या बाजूला वकील, समोर कॉलेजची पोरे. कोण कुठल्या गावचा, कोणत्या जातीचा, हे कोणी विचारत नाही. सगळ्यांना एकाच पातेल्यातला कट, एकाच पळीने. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण हा बाक कोल्हापूरला फुकट मिळालेला नाही.

सी.पी.आर. दवाखान्याकडून भवानी मंडपाकडे जो रस्ता येतो, तो भाऊसिंगजी रोड. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, शाहू महाराजांच्या अखेरच्या वर्षांत, या रस्त्यावर गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले होते. गंगारामजी त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले. ते महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याला ते शिवले म्हणून इतर नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामजींना स्वतःचा धंदा काढायचा सल्ला दिला. त्यातून निघाले ते 'सत्यसुधारक' हॉटेल.

हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता. पण गिऱ्हाईक येईना. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायचा कसा? हे महाराजांच्या कानावर गेले. त्यांनी हुकूम काढून लोकांना चहा प्यायला लावले नाही. ते स्वतःच गाडीतून त्या हॉटेलासमोर येऊन थांबत, गंगारामजींकडे चहा मागत, आपण पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. राजाने भर रस्त्यात प्यालेल्या चहाला नाही कोण म्हणणार? पुढे सोडावॉटरचे यंत्र मिळवून देऊनही महाराजांनी या धंद्याला हातभार लावला. १९१९ साली त्यांनी सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अशा ठिकाणी शिवाशीव पाळू नये असे हुकूम काढले. पण कागदावरच्या हुकुमाइतकेच काम त्या एका कपाने केले, असे कोल्हापूरकर मानतात. १९२२ साली महाराज गेले. गंगारामजींच्या हॉटेलाची गोष्ट मात्र इथे अजून सांगितली जाते. या रस्त्याने जाल तेव्हा मुलांना ती सांगा.

काम आटोपून संध्याकाळच्या गाडीला वेळ असेल, तर आणखी दोन ठिकाणे सांगतो. महाद्वार रोडने पापाची तिकटी ओलांडून पुढे गेले की गंगावेश लागते. तिथला दूध कट्टा प्रसिद्ध आहे. गवळी आपल्या म्हशी तिथे आणतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. तालमीतल्या पैलवानांच्या खुराकाशी या कट्ट्याचे जुने नाते आहे. दुधात पाणी घातले का, हा प्रश्नच उरत नाही. तुम्हाला म्हशीचे नवल नाही, पण भर शहरात तुमच्याच गोठ्यातले दृश्य बघून बरे वाटेल. एक सूचना मात्र पाळा. न तापवलेल्या दुधातून जनावरांचे काही रोग माणसाला होऊ शकतात. म्हणून लहान मुले, गरोदर बायका आणि आजारी माणसांनी तापवलेलेच दूध प्यावे.

दुसरे ठिकाण खासबाग. १९०२ च्या विलायत दौऱ्यात शाहू महाराजांनी रोमचे जुने गोल मैदान पाहिले, आणि त्या धर्तीवर १९१२ साली इथे कुस्तीचे मैदान तयार झाले. कोठूनही बसा, आखाडा सारखाच दिसतो. याच भागात संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांची गर्दी उसळते. राजाभाऊंची भेळ इथलीच. चुरमुरे, शेव, कांदा, चिंच-गुळाचे पाणी. पोरांची तिखटावरची तक्रार इथे मिटते.

शेवटी एक गोष्ट घरातल्या कर्त्या माणसांना सांगायची आहे. शहरात आल्यावर बाप्ये हॉटेलात जाऊन खातात आणि बाईमाणूस पिशव्या राखत देवळाच्या ओवरीत किंवा स्टँडवर बसून राहते, घरून आणलेली भाकरी सोडते, असे वर्षानुवर्षे चालत आले. कधी पैशाची ओढ, कधी लोक काय म्हणतील याची धास्ती. आता मिसळीच्या दुकानात बायका-मुले मोकळेपणाने बसतात, कोणी वळून बघत नाही. मटकीला मोड आणण्यापासून चटणी कुटण्यापर्यंत सगळे जिच्या हातून होते, तिने एकदा दुसऱ्याच्या हातचे गरम गरम, बसून खाल्ले तर काय बिघडले? पिशव्या बाकाखाली ठेवा. आजींना भिंतीकडची जागा द्या, त्यांच्या ताटलीत कट बेताने घाला. पैसे कमी असतील तर चार ताटल्यांऐवजी तीन मागवा, पण सगळे मिळून बसा.

आणि घरी परत जाल तेव्हा आपल्या गावातल्या चहाच्या हॉटेलाकडेही एकवार बघा. तिथल्या बाकावर गावातला कोणीही, कोणाशेजारीही बसतो ना? कपबशी सगळ्यांना एकच आहे ना? असेल, तर तुमचे गाव चांगल्या वाटेवर आहे. नसेल, तर गंगारामजींची गोष्ट तिथे चार माणसांत सांगा, आणि पहिला चहा तुम्ही त्या माणसाशेजारी बसून प्या.